पडदाभर डोळा

‘अमृतमंथन’च्या सुरुवातीलाच अंधारात एक गुप्त बैठक भरते. ज्योतींचा उजेड आहे, भिंतींवर सावल्या हलताहेत. राज्यातले नरबळी आणि पशुबळी बंद करणाऱ्या राजाला संपवायचं, असं राजगुरूने ठरवलं आहे. बोलता बोलता कॅमेरा राजगुरूच्या इतका जवळ जातो की कपाळ, नाक, ओठ सगळं चौकटीबाहेर पडतं आणि पडदाभर त्याचा एक डोळा उरतो. साल १९३४. प्रभात फिल्म कंपनी आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आली होती आणि नव्या स्टुडिओतला हा पहिला चित्रपट. मराठीत राजगुरू झाले होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनच्या घाऱ्या डोळ्यांची ओळख देशभरच्या प्रेक्षकांना इथेच झाली.

तो डोळा पाहताना प्रेक्षकाला धडकी भरते, ती निव्वळ आकारामुळे नव्हे. समोरचा माणूस आपल्याकडे बघतो आहे आणि त्याच्या नजरेतून सुटका नाही, हे अंगावर येतं. क्लोजअपला आपण सर्रास ‘भावना दाखवायचं साधन’ म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. कॅमेरा कोणाच्या किती जवळ जातो, खालून बघतो की वरून, यातून आधी ठरतं कोण कोणाकडे बघतंय आणि बघण्याचा हक्क कोणाकडे आहे. भावना त्यातून येते. राजगुरूचा डोळा मागे कुठवर जातो आणि पुढे कोणाच्या चेहऱ्यात उतरतो, हे पाहिलं की ही गोष्ट जास्त स्पष्ट होते.

सुरुवात अगदीच निरागस आहे. १८९४ मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने फ्रेड ऑट नावाच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, चिमूटभर तपकीर ओढायला लावली आणि त्याची शिंक टिपली. छातीपासून वरचा माणूस, काही सेकंदांचा खेळ. बघणाऱ्याला शिंकणाऱ्याबद्दल काही वाटावं, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. कुतूहल होतं, ते फिटलं.

खरी गंमत सुरू होते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला. जॉर्ज अल्बर्ट स्मिथ हा माणूस आधी संमोहनाचे आणि मॅजिक लँटर्नचे खेळ करायचा. लोकांची नजर कशी धरून ठेवायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९०० साली त्याने ‘ग्रँडमाज रीडिंग ग्लास’ हा मिनिट-दीड मिनिटाचा चित्रपट काढला. नातू आजीचं भिंग घेऊन वर्तमानपत्र बघतो, घड्याळाची यंत्रं बघतो, पिंजऱ्यातला पक्षी बघतो आणि मग भिंग आजीच्याच चेहऱ्यावर रोखतो. गोल चौकटीत आजीचा भला मोठा डोळा इकडेतिकडे फिरतो. म्हणजे पडदाभर डोळा ‘अमृतमंथन’च्या ३४ वर्षं आधीच पडद्यावर येऊन गेला होता. फक्त स्मिथला जवळ जाण्यासाठी सबब लागत होती: नातवाच्या हातात भिंग आहे, म्हणून आपल्याला मोठं दिसतंय. तीनच वर्षांनी, ‘द सिक किटन’मध्ये त्याने ती सबब टाकून दिली. दोन मुलं आजारी मांजराच्या पिल्लाला औषध पाजताहेत. मधेच चित्र तुटतं आणि पडद्यावर फक्त पिल्लू आणि चमचा. कोणाच्या हातात भिंग नाही, कोणी दुर्बिणीतून बघत नाही. आता प्रेक्षकाला बघायचं होतं म्हणून कॅमेरा जवळ गेला होता. चित्रपटाच्या इतिहासात या पिल्लाला मी गाडी लुटणाऱ्या दरोडेखोरापेक्षा वरची जागा देईन.

तो दरोडेखोरही १९०३ चाच. एडविन पोर्टरच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’मध्ये जस्टस बार्न्स हा नट थेट कॅमेऱ्यात बघून पिस्तूल झाडतो. हा तुकडा चित्रपटाच्या सुरुवातीला लावायचा की शेवटी, हे खेळ दाखवणाऱ्याने आपल्या मर्जीने ठरवावं, अशी सोय कंपनीने दिली होती. त्या काळात जवळून दिसणाऱ्या चेहऱ्याला गोष्टीत जागाच नव्हती, याचा याहून चांगला पुरावा नाही. दचकवण्याचं काम त्याने चोख केलं, कथेला मात्र त्याचा स्पर्श झाला नाही.

बाकी सगळं दुरूनच दिसायचं. नाटकाच्या पहिल्या रांगेतून दिसतो तसा नट नखशिखांत दिसला पाहिजे, हा दंडक. अमेरिकेत व्हिटाग्राफ कंपनीने १९०९ च्या सुमारास कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर रेघ आखली आणि नटांना तिथवर पुढे येऊ दिलं, तर नटांचे पाय नडगीपासून कापले गेले म्हणून टीका झाली. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने तर बायोग्राफ कंपनी सोडताना, १९१३ च्या डिसेंबरात, चक्क जाहिरात देऊन क्लोजअप आपणच आणल्याचं श्रेय घेतलं. श्रेय त्याचं नव्हतं, ते स्मिथच्या मांजराचं होतं. पण ग्रिफिथने क्लोजअपला गोष्टीच्या आत घर दिलं, हे खरं. ‘द लोनडेल ऑपरेटर’मध्ये (१९११) तारऑफिसातली मुलगी दरोडेखोरांना पिस्तूल रोखून थोपवून धरते; मग जवळून दिसतं की हातात पिस्तूल नसून पाना आहे. इथे क्लोजअप माहिती देतो. आठ वर्षांनी ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये तोच दिग्दर्शक लिलियन गिशच्या चेहऱ्याशी थांबतो. बापाच्या मारझोडीत वाढलेल्या त्या मुलीला हसायचा हुकूम होतो आणि तिला हसू येत नाही. ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. हे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला रंगभूमीवर दिसलंच नसतं. लांबून घेतलं असतं तर तोंडाशी हात नेणारी एक मुलगी दिसली असती, एवढंच.

‘ब्रोकन ब्लॉसम्स’ १९१९ चा. त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ आला. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो गोकुळात नव्हे. आधी पाटी येते की सात वर्षांच्या मुलीने केलेला हा मुद्राभिनयाचा अभ्यास आहे. मग साध्या वेशातली मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर जवळून दिसते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. आणि त्याच चेहऱ्यातून हळूहळू मुकुट घातलेला कृष्ण उमटतो. देव दाखवण्याआधी त्याच्यामागचं माणूस दाखवणारा हा दिग्दर्शक जादूचे प्रयोग करणारा होता, आणि तरी त्याने जादूचं गुपित आधीच उघडं केलं. मला यात बापाचं कौतुक दिसतं, आणि कारागिराची शुद्ध बुद्धीही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे नुसत्या नजरेच्या ३६ परी. आपल्याकडे डोळ्याच्या अभिनयाचं शास्त्र जुनंच होतं. कॅमेऱ्याने ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून होती. देवळात गेलेला माणूस मूर्तीकडे बघतो तेव्हा मूर्तीही त्याच्याकडे बघत असते. तशी श्रद्धा आहे म्हणून तर आपण दर्शनाला जातो. पडद्यावरून समोर बघणारा चेहरा इथल्या प्रेक्षकाला परका वाटला नाही. फाळक्यांचा कृष्ण समोर बघतो तेव्हा समोर बसलेल्याला आशीर्वाद मिळतो. पंधरा वर्षांनी ‘अमृतमंथन’चे दिग्दर्शक शांताराम यांचा राजगुरू समोर बघतो तेव्हा तीच वाट उलट्या कामाला लागते: देवाच्या नावाने, देवाच्या जागी बसून एक माणूस आपल्याला धाक घालतो.

या पंधरा वर्षांत युरोपात तीन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. पहिली रशियात. १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव्हने इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एक भावहीन चेहरा घेतला आणि तो कधी सूपाच्या थाळीला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीला जोडला. प्रेक्षकांना एकाच चेहऱ्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असं सांगितलं जातं. मूळ फिल्म आज हाताशी नाही, पण धडा टिकला. चेहऱ्यावरचा भाव निम्मा प्रेक्षक स्वतः भरतो, आणि तो काय भरेल हे आधीच्या व नंतरच्या शॉटवर ठरतं.

दुसरी गोष्ट कोनाची. बर्लिनमध्ये मुर्नाऊने १९२४ साली ‘द लास्ट लाफ’ काढला. एका बड्या हॉटेलचा म्हातारा दारवान, एमिल यानिंग्स. बिल्ल्यांच्या कोटात तो दारात उभा असतो तेव्हा कार्ल फ्रॉइंडचा कॅमेरा त्याला खालून बघतो, आणि तो इमारतीएवढा वाटतो. कोट काढून घेऊन त्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात नेमतात, तेव्हा कॅमेरा वर जातो आणि तो खुजा होतो. लो अँगल म्हणजे सत्ता आणि हाय अँगल म्हणजे लाचारी, हे समीकरण आज चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते सगळीकडे लागू पडत नाही. पाळण्यातल्या मुलाकडे आईही वरूनच बघते. मुर्नाऊकडे ते लागू पडतं, कारण त्याने त्या म्हाताऱ्याला आधी खालून दाखवलं होतं.

आणि तिसरी गोष्ट दिग्दर्शक ड्रायरची. ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) हा जवळपास सगळाच चेहऱ्यांचा चित्रपट. निर्मात्यांनी भरमसाट पैसे खर्चून मोठा सेट उभारला आणि ड्रायरने तो दाखवलाच नाही. रेने फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्याला रंग लावू दिला नाही. हे शक्य झालं फिल्ममुळे. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. त्वचेचे डाग आणि ओठ काळे दिसायचे, म्हणून नटांना जाड रंग थापावा लागे. नवी पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग वाचू लागली आणि उघड्या कातडीवरचं पाणी, सुरकुती, फुटलेले ओठ पडद्यावर आले. न्यायाधीशांना खालून घ्यायचं म्हणून ड्रायरने जमिनीत खड्डे खणवले. जोनकडे सगळे बघतात, खालून दिसणाऱ्या हनुवट्या तिच्यावर झुकतात, आणि ती बहुतेक वेळा त्यांच्या पलीकडे कुठेतरी बघते. फाल्कोनेत्ती त्यानंतर कोणत्याही चित्रपटात दिसली नाही. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. ड्रायरने केलेल्या मूळ रूपाची प्रत १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मिळाली.

इकडे प्रभातच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटाची रंगीत प्रत करून घ्यायला शांताराम १९३३ मध्ये जर्मनीला गेले. रंगाचं काम काही मनासारखं झालं नाही. पण तिथल्या स्टुडिओंची कामाची रीत, प्रकाश-सावलीचा जर्मन सोस आणि टेलिफोटो लेन्स हे सगळं त्यांच्याबरोबर पुण्याला आलं. या लेन्सचं काम समजून घेतलं पाहिजे. साध्या लेन्सने डोळा पडदाभर करायचा तर कॅमेरा नटाच्या नाकाला टेकवावा लागतो. मग कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते, दिवे लावायला जागा उरत नाही, जवळचं नाक फुगतं आणि नट बुजतो तो वेगळाच. टेलिफोटोने कॅमेरा लांब ठेवून डोळा जवळ आणता येतो. मात्र त्यात स्पष्ट दिसणारी पट्टी इतकी अरुंद असते की नट किंचित पुढे झुकला तरी बुबुळ धूसर होतं. म्हणजे नटाने श्वास रोखून बसायचं आणि छायालेखक केशवराव धायबरांनी लेन्सच्या कड्यावरचा हात ढळू द्यायचा नाही. त्या डोळ्याचा न लवणारा, दगडी धाक निम्मा अभिनयातून आला असेल तर निम्मा या सक्तीतून आला, असं मला वाटतं.

केशवराव दात्यांचं नाव इथे नीट घ्यायला हवं. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं आणि गाण्यांच्या मैफलीत हरवलेल्या मराठी नाटकाला साध्या बोलण्याकडे वळवलं. त्या धडपडीतले दाते एक बिनीचे नट. कॅमेऱ्याला असाच माणूस हवा होता. ‘अमृतमंथन’नंतर तीन वर्षांनी ‘कुंकू’मध्ये (१९३७) तेच दाते तरुण मुलीशी लग्न केलेले म्हातारे काकासाहेब झाले. राजगुरूचा डोळा दुसऱ्यांना भेदायचा. काकासाहेबांची नजर आरशात स्वतःला भेटते आणि ओशाळते. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, म्हणजे चेहऱ्यावरचा भाव समजावून सांगायला व्हायोलिन येत नाही. प्रेक्षकाला चेहराच वाचावा लागतो. आजच्या कोणत्याही दिग्दर्शकाने हा धीर करून पाहावा.

दुरूनही भाव पोचवता येतो. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’चा १९३६ साली बोलपट केला, त्यातला काळोखातल्या उदास झोपडीचा लाँग शॉट आणि कुत्र्याचं विव्हळणं जे. बी. एच. वाडियांसारख्या चित्रपटकाराच्या मनात कायमचं राहिलं. शेत गेलेल्या शेतकऱ्याची झोपडी. तिथे चेहरा दाखवायची गरजच नव्हती.

प्रभातच्या पुण्याच्या स्टुडिओत १९४४ साली एक तरुण नृत्यदिग्दर्शक आणि सहायक म्हणून लागला: गुरुदत्त. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती सांगायचे की गुरुदत्तला लांब लेन्स आणि क्लोजअप यांची ओढ होती. त्याने निर्मिलेल्या, अब्रार अल्वींनी दिग्दर्शित केलेल्या ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये (१९६२) भूतनाथ पहिल्यांदा हवेलीतल्या छोट्या बहूसमोर जातो. मान खाली. आपल्यालाही तेवढंच दिसतं जेवढं खालमानेच्या भूतनाथला दिसेल: गालिचा, त्यावरून येणारी पावलं. आवाज ऐकू येतो, ती बसायला सांगते, नाव विचारते. चेहरा नाही. तो संकोचतो, थांबतो, आणि मग कधीतरी नजर वर करतो. तेव्हा मीनाकुमारी. कॅमेरा तिच्याकडे सरकतो, आणि इतका वेळ तुंबलेलं सगळं त्या एका चेहऱ्यात ओतलं जातं. हा क्लोजअप सुंदर आहे तो मीनाकुमारीमुळे, हे तर झालंच. पण त्याआधी जे दाखवायचं नाकारलं त्यामुळे तो थरारून टाकतो. आणि बघण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न मूर्तींनी नुसत्या कॅमेऱ्याच्या उंचीने मांडला आहे. भूतनाथला परवानगी मिळाल्यावरच आपल्याला मिळते.

दूरदर्शन घरात आलं तेव्हा पडदा लहान झाला आणि चेहरा जवळ आणणं भाग पडलं. छोट्या काचेवर लाँग शॉटमधली माणसं मुंग्यांसारखी दिसायची. त्या गरजेची पुढे सवय झाली. रोजच्या मालिकांत एक वाक्य पडलं की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, कधी तोच चेहरा तीन-तीनदा, ढणढणत्या संगीतासह येतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या मालिकांत कसलेले नट आहेत. राग असो की कपबशी फुटलेली असो, कॅमेरा तेवढ्याच जवळ येत असेल, तर जवळ येण्याला वजन राहत नाही.

‘फँड्री’ पाहिला तेव्हा ते वजन पुन्हा जाणवलं. नागराज मंजुळेंच्या या चित्रपटात (२०१३) जब्याचं कुटुंब गावाच्या हुकमावरून डुकरं पकडतं आणि गाव कडेला उभं राहून तमाशा बघतं, हसतं. शाळेतली मुलं आहेत, ज्या मुलीवर जब्याचा जीव आहे ती शालूही आहे. जब्या लपायला बघतो. कोणी आपल्याला बघू नये, एवढंच त्याला हवं असतं. डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू यांची चित्रं येतात, आणि विक्रम अमलाडींचा कॅमेरा तिथे घाई न करता चालणाऱ्यांबरोबर सरकत राहतो. मग चिडवणाऱ्यांवर जब्या उलटतो, दगड मारत सुटतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. चित्रपट तिथेच संपतो. तिकीट काढून बसलेला मी इतका वेळ त्या कडेला उभ्या गावातच उभा होतो, हे तेव्हा कळतं. १९०३ च्या पिस्तुलाची जागा चित्रपटात कुठेही चालत होती. हा दगड इतर कुठेही ठेवता आला नसता. आधीचं सगळं बघून झाल्यावरच तो आपल्याला लागतो.

लगेच पुढच्या वर्षी चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आला आणि त्याने उलट टोक गाठलं. मृणाल देसाईंचा कॅमेरा न्यायालयात एका जागी उभा राहतो आणि कोणाच्याही जवळ जायला तयार होत नाही. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्षीला येते. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इथे तिचे डोळे पडदाभर आले असते आणि आपण रडून मोकळे झालो असतो. इथे ती बाकीच्यांएवढीच लहान दिसते; वकील, कारकून, फायली, पंखा सगळं तिच्याबरोबर चौकटीत आहे. तिच्याकडे बघून काही वाटून घ्यायची सोय नाही, म्हणून ती काय सांगते ते ऐकावं लागतं. नवऱ्याकडे कसलंच संरक्षक साहित्य नसायचं. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत उतरण्याआधी तो खडा टाकून बघायचा. झुरळ बाहेर आलं की समजायचं, आत हवा आहे.